ठेकेदाराची गाडी आणि ठेकेदाराचा रस्ता

गुणाकर ठेकेदारांची नवी गाडी बालाघाटच्या पेट्रोलपंपावर पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा पेट्रोल कुठून भरायचं ते पंपावरच्या माणसाला सापडेना आणि ठेकेदारांना सांगता येईना. दोघं मिळून गाडीभोवती दहा मिनिटं फिरले. ठेकेदारांची बायको अलकनंदाबाई आत बसून होत्या. बसून म्हणजे जवळजवळ निजूनच, कारण त्या गाडीत माणसासारखं बसायची सोय नव्हती.

"अमेरिकेत असल्या शंभरच बनल्या," ठेकेदार जमलेल्या लोकांना सांगत होते. "बाराशे घोड्यांची ताकद हाय. ताशी चारशे किलोमीटर."

ताशी चारशे पळून हा माणूस बालाघाटातून जाणार कुठं, असं बाईंच्या मनात आलं.

रायपूरच्या एका व्यापाऱ्यानं कंटाळून विकलेली ती गाडी. स्टिअरिंग उलट्या बाजूला, दारं वर उघडणारी, इंजिन पाठीमागे आणि पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. पुढचं नाक दोन बोटं उचलायचं एक बटण होतं. गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरशी ठेकेदार ते बटण दाबत, नाक वर येईपर्यंत थांबत, मग मुंगीच्या पावलानं चढत. मागून सायकलवाले घंट्या वाजवत पुढे निघून जात. बाराशे घोडे आणि चाल बैलबंडीची. नाकाला मात्र लिंबू-मिरची होती, न जाणो कुणाची दृष्ट लागली तर.

बाईंना गाडीचा राग नव्हता. राग होता तो रस्त्याचा.

हिवरटोल्याला जाणारा चौदा किलोमीटरचा रस्ता चार वर्षांपूर्वी गुणाकरांनीच केला होता. वर्षभरात तो उखडला. बाई हिवरटोल्याच्या शाळेत मास्तरीण होत्या. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्या याच रस्त्यानं बसनं गेल्या-आल्या आणि कमरेला पट्टा बांधूनच रिटायर झाल्या. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याला सांगत, रस्ता राहिला नाही. गुणाकर फाईल काढत. फाईलमध्ये गुळगुळीत रस्त्याचे फोटो होते, काम पूर्ण झाल्याचा शिक्का होता, साहेबाची सही होती.

"कागदावर बघ नं," ते म्हणत. "पहिल्या नंबरचं काम हाय."

दुसरा एखादा ठेकेदार निदान स्वतःशी तरी कबूल झाला असता. हा माणूस आपलीच खोटी फाईल इतक्यांदा वाचून बसला होता की तिच्यावर त्याचा मनापासून विश्वास बसला होता. रिबीन कापल्यापासून तो त्या रस्त्यावर पुन्हा फिरकला नव्हता.

आणि आता त्याच रस्त्यावर पोराचं लग्न अडलं होतं. संकेतनं हिवरटोल्याच्या अपेक्षाशी जमवलं होतं. अपेक्षा ही बाईंचीच विद्यार्थिनी, आता बालाघाटला नर्स. पोरगी अशी गुणी की बाईंनी कधीचीच तिला मनानं सून करून टाकली होती. पण तिचे वडील दादाजी, गावचे जुने पोस्टमास्तर, बसनं बालाघाटला येऊन समोर बसले आणि स्पष्ट बोलले.

"माही सून त्या रस्त्यावर जीपमंदी बाळंत झाली, ठेकेदार साहेब. लेकरू वाचलं, ते आमचं नशीब. रस्ता करून द्या, मंग पोरगी देतो. नाई तर नाई."

"रस्ता चांगलाच हाय," गुणाकर हसले. "तुमी लोक उगाच बोंबलता. येत्या रविवारी माह्या गाडीनं तुमच्या दारात येऊन दाखवतो. आलो, तर मंग बोलाचं नाई."

"या," दादाजी म्हणाले. "दारातच बसून राहीन."

 त्या दिवशी संकेत जेवला नाही.

रविवारी बाबूलाल ड्रायव्हर हात जोडून उभा राहिला. त्यानं हा रस्ता होताना डंपर चालवला होता, कुठं काय घातलं आणि काय घातलं नाही हे त्याला ठाऊक होतं. "साहेब, ये गाडी उधर नहीं जमेगी. जीप काढतो."

"तू चूप राय," गुणाकर म्हणाले.

"हौ बाबूलाल, चूप राय," बाईही म्हणाल्या. "तू संकेतले घेऊन जीपनं मांगून ये. आमी याच गाडीनं जाऊन राह्यलो." बायको पहिल्यांदाच गाडीच्या बाजूनं बोलली म्हणून गुणाकरांची छाती फुगली. बाईंनी पिशवीत आपल्या शाळेतल्या जुन्या चपला टाकल्या, ते काही त्यांनी पाहिलं नाही.

लांजीचा मोठा रस्ता सुटेपर्यंत ठेकेदार राजासारखे होते. फाट्यावर वळले आणि पहिल्याच खड्ड्यात गाडीनं बूड घासलं. त्यांनी बटण दाबलं. पुढे बटण दाबूनच चालवलं. बाईंना रस्ता पाठ होता.

"डावीकडून घ्या. आता उजवीकडून. इथं बस नेहमी थांबते."

"काहून थांबते?"

"लोक उतरून चालतात. मंग बस खड्ड्यातून निघते."

गुणाकरांनी गाडी उजवीकडून घेतली. कपाळावर घाम आला होता आणि पाठीमागे ते बाराशे घोडे नुसते फुरफुरत होते. धान भरलेला एक ट्रॅक्टर शेजारून निघून गेला, वरच्या बायांनी वाकून आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. अकरा किलोमीटरला दीड तास लागला. ओढ्यावरच्या पुलियाच्या अलीकडे रस्त्याचा मधला भाग उंच राहून दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. चाकं चाकोरीत उतरली, पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं आणि गाडी अधांतरी राहिली. गुणाकरांनी रेस दिली. मुरूम उडाला, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि इंजिन बंद पडलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मागून जीप आली. बाबूलाल उतरला, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. गाडीनं पुढचा रस्ताच अडवला होता, त्यामुळे जीपही तिथंच राहिली.

"चला," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून चपला काढून घातल्या. गुणाकर त्या चपलांकडे बघतच राहिले.

"तुले माहीत होतं?"

"तीन वर्षं सांगून राह्यली होती तुमाले. तुमी फाईल दाखवत होते."

तीन किलोमीटर चालायचं होतं. गुणाकरांचे नवे टोकदार बूट पहिल्या शंभर पावलांतच चावायला लागले. पुलियाशी त्यांनी ते काढून हातात घेतले आणि अनवाणी चालू लागले. खडी टोचली की थांबत, पुन्हा चालत. संकेत आईच्या बाजूनं चालत होता. बापाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. बाईंना नवऱ्याची दया यायला हवी होती. पण कमरेचा पट्टा काचत होता आणि दया काही आली नाही.

दादाजी खरंच दारात बसले होते. आजूबाजूला निम्मं गाव होतं. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. दारी आलेल्या पाहुण्याचे पाय धुवायची त्या घरची रीत. अपेक्षानं परात आणि तांब्या आणला. गुणाकर नको नको म्हणत असताना दादाजी स्वतः खाली बसले आणि त्यांचे पाय परातीत घेतले. पाणी घातलं, तसं ते लाल झालं.

दादाजींनी परात थोडी कलती करून पाण्यात नीट निरखून पाहिलं.

"मुरूमच मुरूम निघाला, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "तीन किलोमीटर अनवाणी आले, पण डांबराचा एक डाग नाई लागला पायाले."

गुणाकर परातीकडे बघत राहिले. मग अलकनंदाबाईंकडे. आज दाखवायला जवळ ती फाईल नव्हती.

"करतो," ते म्हणाले. "रस्ता करतो."

"आधी रस्ता," बाई म्हणाल्या, "मंग पोरांचं साक्षगंध."

गाडी त्या चाकोरीत दोन महिने ताडपत्रीखाली पडून होती आणि बस तिथूनच माघारी वळत होती. तिला उचलून न्यायला ट्रेलर मागवला, पण ट्रेलरवाला फाट्यावरूनच परत गेला. असल्या रस्त्यावर आपण गाडी घालत नाही, म्हणाला. ती बाहेर काढायची तर फाट्यापासून तिथपर्यंत आधी रस्ता करणं भाग होतं. गुणाकरांनी तो केला. गाडीच्या पुढचे तीन किलोमीटर मात्र बाईंनी स्वतः खुर्ची टाकून, समोर बसून करून घेतले.