पोथीतलं ‘आम्ही’

दत्तारामांचं बोट ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं.

“सारिका, हितं ये गो जरा.”

सारिका पिशवीत त्यांचे कपडे भरत होती. उद्या पहाटे मुंबईला निघायचं होतं, परवा हृदयाचं ऑपरेशन. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. रिपोर्टांची फाइल मात्र सकाळपासून तिने चार वेळा उघडून पाहिली होती. पाचव्यांदा उघडलेली मिटून ती वडिलांजवळ येऊन बसली.

पोथी वाडीच्या भैरोबाची, आजोबांनी हाताने उतरवलेली. वाडीला वाचून दाखवायची आणि अर्थ सांगायचा, हे दत्तारामांचं वर्षानुवर्षांचं काम.

“आख्ख्या पोथीत देव ‘मी’ म्हनतो. हितंच बघ.”

वाट सरतां, दीस मावळतां । आम्ही येऊं न्यावया ॥

“ह्ये ‘आम्ही’ म्हंजे कोन कोन?”

बोट अजून त्याच शब्दावर होतं. सारिकाची नजर पुढच्या ‘न्यावया’वर गेली. आपल्याला न्यायला आलेली गर्दी अंगणातून चढून येताना दिसत असेल का यांना? ती गर्दी कमी करायला हवी होती, लगेच. महाडच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. तेच हाताशी होतं.

“आदरार्थी बहुवचन आहे, आबा. राजे स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचे ना, तसं. अर्थ एकच. मी.”

दारात तांदूळ निवडत बसलेली बयाआत्या हसली.

“मंग राजाला शिंक आली तर ‘आम्ही शिंकलो’ म्हनायचा व्हय?”

“हो, आत्या.”

“आनि नाकं बाकीच्यांनी पुसायची.”

दत्तारामही हसले. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे येकटाच येनार?”

“एकटाच.”

“बरं.” शेवटचा अध्याय वाचायचा राहिला होता, तरी त्यांनी पोथी फडक्यात बांधली. “तू शिकल्याली. तुझं खरं.”

त्यांची भीती थोडी उतरली, असं सारिकाला वाटलं. पिशवीची चेन लावण्याआधी तिने फाइल सहाव्यांदा उघडली. मग ती त्यांना दिसू नये म्हणून टॉवेलाखाली घातली.

दत्ताराम ऑपरेशनमधून उठले नाहीत.

बाराव्याची जेवणं उरकल्यावर संध्याकाळी माणसं ओटीवर जमली. पोथी अर्धी ठेवायची नव्हती, आणि आजोबांचं किरटं अक्षर आता एकट्या सारिकालाच लागत होतं. ती पानं उलटत असताना बयाआत्या समई घेऊन शेजारी बसली.

“ती वळ सावकाश वाच गो. दादा लांबवून वाचायचा.”

“कोणती?”

“न्यायला येत्यात ती. तुझी आय, आवडी, गेली तवापासनं. म्हनायचा, बये, देव काय आपल्या वळखीचा नाय. पन त्या ‘आम्ही’त आवडी असंल, आपला बा असंल. मंग कसली भीती?” आत्याने वात पुढे सारली. “मुंबईला जाताना मोटारीत मागं माझ्याशेजारी व्हता. तू पुढं व्हतीस, तुला नाय ऐकू आलं. दासगाव मागं पडलं तवा माझा हात धरला. म्हनला, बये, येकटाच येनार म्हनं.”

त्या दिवशी ती ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागे त्यांचा चेहरा दिसेल म्हणून सबंध प्रवासात तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

माणसं खोळंबली होती. तिने त्या ओळीपासून सुरुवात केली. ‘आम्ही’ तिने आबांसारखं लांबवलं आणि ओळ पुरी केली.

दरवर्षी पोथी ऐकायला पुढे बसणारे मोरूकाका सवयीने म्हणाले, “अर्थ सांग, बाय.”

अठरा वर्षं ती अर्थच सांगत आली होती. वर्गात, घरी, कुणी न विचारताही. आताही जिभेवर दोन-तीन तयार होते.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी सरकून पुढे आलं. तिने पोथी मांडीवर ठेवली आणि पुन्हा, मोठ्याने म्हटलं,

“मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. मी घाबरले होते, आबा.”