सुलतानच्या कानावरची गाठ

भागवतरावांच्या सुलतानला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि गाव हळहळलं. भागवतराव माजलगाव भागातले वजनदार पुढारी. त्यांच्या कुत्र्याचं दुखणं म्हणजे कार्यकर्त्यांचंही दुखणं. एकानं तर फाट्यावर ‘सुलतान लवकर बरा होवो’ असा फलक लावला. त्यावर कुत्र्यापेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो जास्त होते.

कानाच्या टोकावर हरभऱ्याएवढी गाठ होती. सगळ्या बैठका सोडून भागवतरावांनी त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. बायको मनकर्णाबाई सोबत होत्या, कारण सुलतान दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देत नसे.

"वेळेत आणलंत," डॉक्टर योगिता म्हणाल्या. "कापाकापी नको. अतिथंड नायट्रोजननं गाठ गोठवून मारू. संध्याकाळी घरी न्या."

भागवतरावांना बघवेना. ते बाहेर जाऊन बसले.

गुंगीचं इंजेक्शन दिलेला सुलतान मनकर्णाबाईंच्या हातावर मान टाकून झोपला. नळीतून पांढरी वाफ निघाली.

"बाई, माणसाच्या गाठीबी अशाच गोठवतात का?"

"कुठली गाठ, काकू?"

"छातीत हाय. आंब्याला मोहर होता तवा हाताला लागली. यांना सांगितलं, तर म्हणले, निवडणूक होऊ दे."

योगितांचा हात थांबला. "मी जनावरांची डॉक्टर आहे. तुम्ही उद्याच्या उद्या माणसांच्या डॉक्टरकडं जा."

परतताना मनकर्णाबाईंनी विषय काढला.

"उद्या कारखान्याची सभा हाय. गाडी लागंल," भागवतराव म्हणाले.

"सुलतानासाठी सोडलीच की सभा."

"ते मुकं जनावर हाय. त्याला सांगता येतंय का?"

सकाळी मनकर्णाबाईंनी सुलतानला गाडीत घातलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "याचा कान दाखवायचाय." भागवतरावांनी स्वतः दार लावून दिलं. "सावकाश न्या रे," म्हणाले.

गाडी माणसांच्या दवाखान्यात गेली. मनकर्णाबाईंच्या गाठीत कॅन्सरच निघाला, पण लहान होता. फक्त गाठ काढून भागलं. किरणांचे शेक मात्र पुढं घ्यावे लागणार होते.

ऑपरेशननंतर भागवतराव खाटेजवळ उभे राहिले. डोळे लाल झाले होते.

"कावून सांगितलं न्हाईस गं?"

"सांगितलं की."

ते स्टुलावर बसले. मोबाईल वाजला, तो त्यांनी बंद केला. मग विचारलं, "चहा आणू का?" लग्नानंतर हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"आणा," त्या म्हणाल्या. "साखर कमी."

भागवतराव दारापर्यंत गेले आणि चहा कुठं मिळतो ते विचारायला परत आले.