झोपेत उगवलेला गहू

मी दोन एकर जमीन बोलतेय, तेही झोपेत. तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

झोपायचे मला पैसे मिळतात. हसू नका, सरकारी कागद आहे. जमीन दमलीय, तीन वर्षं पडीक ठेवा आणि दर वर्षी अनुदान घ्या, असं त्यात लिहिलंय. अट एकच. पाहणीच्या दिवशी माझ्यावर कसलंही पीक उभं दिसता कामा नये.

माझी माणसं दोनच, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांचीही साठी उलटली, पण भांडणं अजून शाळेतली. शेजारच्या वीटभट्टीवाल्याचा माझ्यावर डोळा आहे. त्याला माझी वरची हातभर माती हवी. ती गेली की मी संपलेच. ताईनं त्याला बजावलं होतं, "अनुदान आलं तर माती मिळायची नाही." नाही आलं तर काय, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं.

म्हणून मी मन लावून झोपले. ढगांच्या सावल्या अंगावरून सरकायच्या. पाखरं यायची, रिकाम्या चोचीनं परत जायची. त्या कागदावर सही केल्यापासून धाकटा इकडं फिरकला नव्हता. "नुसतं बघायला कशाला जायचं?" म्हणायचा. मी कोणाची आहे, हेही मला हळूहळू आठवेनासं झालं.

आणि माणसं झोपेत चालतात ना, तशी मी झोपेत पिकले.

शेवटच्या सुगीत धाकटा गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन माझ्यावरून गेला होता. पोत्याला भोक होतं. ताईनं चारदा सांगूनही त्यानं ते शिवलं नव्हतं. वाटेत सांडलेला दाणा न् दाणा आता उगवून ओंबीला आला होता. एक वाकडी हिरवी रेघ, त्याचा उजवा गुडघा दुखतो म्हणून डावीकडं कललेली. झाडाखाली त्यानं पोतं टेकून दम घेतला होता, तिथं तर दाट गोल झुपका. त्याचं चालणं मी जपून ठेवलं होतं. मला वाटलं, बघून खूश होईल.

पाहणीच्या दिवशी ताईबरोबर आला आणि खूश झाला. तिथंच घोळ झाला.

"अरे बघतोस काय? आज पाहणीवाल्या बाई यायच्यात. उपट!"

"ताई, आपण पेरलेलं नाही गं. आपणहून आलंय."

"आपणहून आलेलंही चालत नाही."

"उभ्या पिकावर माझा हात नाही उठत."

"मग बस हातावर हात ठेवून!" असं म्हणत ताई एकटीच उपटत सुटली. झाडापाशी पोचली तर हा पठ्ठ्या त्या झुपक्यात मांडी घालून बसलेला. आणि नेमकी तेव्हाच बांधावर स्कूटर थांबली.

बाईंनी सगळं पाहिलं. "पीक आहे," म्हणाल्या. पेन काढलं, जरा थांबल्या. "खोटं मी लिहीत नाही. पण अजून जेवलेही नाही. डबा खाते, मग जे दिसेल ते लिहीन. आणि सांगून ठेवते, मी फार चावून खाते."

ताईनं बाईंना बांधावर बसायला पदरानं जागा झाडून दिली. धाकटा भट्टीच्या धुराड्याकडं बघत राहिला. मग त्यानं खाली वाकून पहिलं रोप उपटलं.

दुखलं मला. पण प्रत्येक रोप काढलं की तो तिथं माती ओढायचा आणि तळव्यानं दोनदा थोपटायचा. थोपटता थोपटता माझे डोळे पुन्हा जड झाले.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, 'पडीक' असं लिहिलं आणि गेल्या. धाकट्यानं चार ओंब्या खिशात टाकल्या. जाताना ताई म्हणाली, "घरी गेल्यावर आधी ते पोतं शिवते बघ."

अजून दोन वर्षं मला झोपायचंय. तोवर त्याचा गुडघा किती साथ देईल, कोण जाणे. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या घरावरून जाणार असेल, तर ताईला माझा एवढा निरोप द्या. पोतं शिवू नका. मला उठवायला येताना बी त्याच पोत्यातून आणा, आणि ते त्याच्याच पाठीवर द्या.