शेंदराची पट्टी

मी खल बोलतोय. काळ्या दगडाचा, होडीच्या आकाराचा, औषधं घोटायचा. पण हात लावण्याआधी ऐकून घ्या, मी विषाचा खल आहे.

जालन्याच्या मस्तगडात काकासाहेबांची वैद्यशाळा होती. निजामाच्या राज्यात देशी वैद्यक शिकायला पोरांनी जायचं कुठं, म्हणून त्यांनी घराच्या ओसरीवरच शिकवायला सुरुवात केली. "एक दिवस इथं मोठं विद्यालय व्हईल, देशभरातून पोरं येतील," असं ते म्हणायचे. त्यांनीच एका दगडातून दोन खल घडवून घेतले. दिसायला आम्ही जुळे, पण नशीब बघा! भावाच्या वाट्याला सुंठ, पिंपळी आणि मध आला, माझ्या वाट्याला बचनाग. ही मुळी जालीम विषारी, नुसती जिभेला लागली तरी जीभ बधिर होते. गोमूत्रात भिजवून शुद्ध केली तरच तिचं औषध होतं. मी चुकूनही घरात जाऊ नये म्हणून काकासाहेबांनी माझ्या कडेला शेंदराची पट्टी ओढली आणि मला गोठ्याच्या फळीवर बसवलं.

मला फार राग यायचा. भावाला काकासाहेबांची बायको दुर्गाबाई पदराने पुसायची, माजघरात ठेवायची. माझ्याजवळून जाताना मात्र लुगडं आवरून घ्यायची. एकदा तरी मला आत न्यावं, आजाऱ्याच्या उशाशी ठेवावं, एवढंच मला वाटायचं.

वैद्यशाळेचा एक नेम होता. ज्याने औषध घोटलं त्याने ते आधी स्वतः चाटायचं, मगच रोग्याला द्यायचं. पिंपळगाव रेणुकाईचा पुंजाराम तिथं शिकत होता. तो कुरकुरायचा, "गुरुजी, रोग्याच्या आधी सारी औषधं मीच खाऊन राह्यलो." काकासाहेब हसायचे, पण नेम मोडू द्यायचे नाहीत.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या धास्तीने जो तो किडूकमिडूक पुरून ठेवू लागला. माझ्यात कच्चा बचनाग अर्धवट कुटलेला होता, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला. "जल्दी कर, पुंजाराम!" काकासाहेब म्हणाले. त्याने मला फडक्याने कसंबसं पुसलं आणि भावाच्या शेजारी गव्हाणीखालच्या खड्ड्यात ठेवलं. वर माती पडली. पावसाची ओल आत झिरपत राहिली आणि माझा शेंदूर जवळजवळ सगळा धुऊन गेला.

भाद्रपदात भारताच्या फौजा आल्या, भीती सरली. पण काकासाहेबांची एकुलती लेक उषा बाळंतपणाला माहेरी आली होती, ती तापाने फणफणली. घाईघाईने खड्डा उकरला. पुंजारामच्या हाताला आधी मी लागलो. दुर्गाबाईने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पदराने पुसलं आणि मला थेट आत नेलं.

आत! उषाच्या उशाशी! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. पण माझ्यात सुंठ पडली, मध पडला, काकासाहेबांचा बत्ता फिरू लागला आणि माझ्या छिद्राछिद्रात बसलेला बचनाग सुटायला लागला. मला ओरडायचं होतं. दगडाला तोंड असून उपयोग काय?

"अहो, जल्दी करा, लेकीची शुद्ध जाऊन राह्यली," दुर्गाबाई रडत म्हणाली.

काकासाहेबांनी चमच्यात चाटण घेतलं.

"गुरुजी, नेम राह्यला," पुंजाराम म्हणाला.

"आज येळ न्हाई, पुंजाराम."

"मंग मी चाटतो. तुमी द्या." त्याने माझ्यात बोट बुडवून तोंडात घातलं.

काकासाहेब लेकीजवळ वाकले. तिचे ओठ उघडेनात. दुर्गाबाईने हनुवटी धरून ते उघडले. चमचा टेकणार, एवढ्यात पुंजारामने झडप घालून तो उडवला.

"देऊ नका! जीभ बधिर झाली माही!" त्याचे शब्द तोंडात अडखळत होते.

काकासाहेबांनी माझ्या कडेवर नखाने खरवडलं. नखात लाल कण आला. "ह्यो तर विषाचा खल!" म्हणत त्यांनी मला उषाच्या उशापासून दूर सारलं.

मग धावपळ झाली. पुंजारामला ओकायला लावलं, तूप पाजलं. भावाला उकरून काढलं, नवं चाटण घोटलं. या वेळी काकासाहेबांनी आधी स्वतः चाटलं, वाट पाहिली आणि मगच लेकीला दिलं. हळूहळू तिचा ताप उतरला. पुंजारामची जीभही ताळ्यावर आली, पण तो कुरकुरायचा बंद झाला.

काकासाहेब मात्र मला उचलून विहिरीकडे निघाले. दुर्गाबाई आडवी आली.

"त्याला काऊन फेकता? त्यो काय चालत आल्ता का आत? मी नेला, तुमी घोटलं."

तिने मला त्यांच्या हातातून घेतलं, गोठ्याच्या फळीवर ठेवलं आणि स्वतःच्या बोटाने माझ्या कडेला शेंदूर लावला. त्या दिवशी पहिल्यांदा तिने लुगडं आवरलं नाही.

आता मी तिथंच आहे आणि माझा राग गेलाय. उद्या काकासाहेबांचं मोठं विद्यालय झालंच, तर कौतुकाने मला आत नेऊन मांडू नका. मला बाहेरच राहू द्या. फक्त शेंदूर पुसट झाला की तेवढा पुन्हा लावा.