घोटावड्याचं हिरवं पाणी

त्या गुरुवारी अब्बांनी पौडचं दुकान लवकर बंद केलं आणि मला घोटावड्याला नेलं. किरणबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कनातीआडच्या अंधारात बाबाने पिवळसर पाण्याच्या पेल्यावरून हात फिरवला, आणि पाणी हिरवंगार पेटलं.

"उत्तर ध्रुवावरचा प्रकाश हाय ह्यो! खोटं वाटतंय? आपल्या शब्बीरभाईंची लेक हिंजवडीत त्योच पकडायचा डबा बनवतीया!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. म्हाताऱ्या सारजाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आमचा डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह. ध्रुवीय प्रकाश तो पकडत नाही. वरून जाता जाता मोजतो. अब्बा मात्र गिऱ्हाइकांना "पकडतो" असंच सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही. मांडवातही गप्प राहिले.

परतताना बाबाने दिलेल्या पाण्याची बाटली मांडीवर धरून अब्बा म्हणाले, "आसमा, गोळ्यांपरीस ह्ये बरं." मी फोनमध्ये होते. हसले.

अकरा दिवसांनी ते गेले.

आठवड्याने दुकान उघडलं. गल्ल्याखालच्या कप्प्यात बाटली होती, आणि शेजारी स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. बाटली फळीवर ठेवली. नोटा तपासायचा जांभळा दिवा लागला, तसं आतलं पाणी हिरवं पेटलं. पाण्याचा पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीसारखा वाटला. समोरच्या मेडिकलमधून ती गोळी आणून साध्या पाण्यात विरघळवली. तेही पेटलं.

पुढच्या गुरुवारी दिवा आणि गोळ्या घेऊन मांडवात उभी राहिले. सगळ्यांसमोर पेला पेटवला.

"बाई दुःखानं भरमलीया," बाबा म्हणाला.

"आरं, पर तुजा हात बघू दे की!" सारजाबाईंनी त्याच्या कफनीची बाही खेचली. जांभळ्या उजेडाची बॅटरी खाली पडली. "आभाळ बाहीत ठिवलंय व्हय रं?"

लोक हसले. मला हसता आलं नाही.

"डॉक्टरची गोळी सोडा म्हणतो, आणि पाजतो बी-कॉम्प्लेक्सची गोळीच," मी म्हणाले. "सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटर उंचीवर हवेला धडकतात, तेव्हा तो प्रकाश दिसतो. पेल्यात तो उतरत नाही. काही पेटलं तर कशानं पेटलं, ते विचारा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

"पर तुमचा डबा तर पकडतुया ना?" मागून कुणीतरी विचारलं. "शब्बीरभाईच सांगायचे."

"नाही. पकडत नाही, नुसता मोजतो." गेल्या खेपेला अब्बा उभे होते तिकडे वळले. "अब्बा, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. इथंच तुमच्या शेजारी उभी होते."