नववं ताट

गोदाक्कांच्या ताटांना कुंभकोणमात तोड नव्हती, पण ती ताटं गोदाक्कांची असतात हे चार-दोन घरं सोडली तर कुणाच्या गावीही नव्हतं. निश्चितार्थाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाकडचे लोक मुलीच्या दारी ताटं घेऊन जातात आणि मुलीकडचेही त्यांना उलट ताटं देतात. हळदकुंकू, फळं, फुलं, साडी, विडे. ती सजवून देणं हा अक्कांचा वीस वर्षांचा धंदा. राबायच्या अक्का आणि ताटाला चिठ्ठी लागायची मांडववाल्या साईकुमारची. पाहुणे ताटांचे फोटो काढायचे आणि नंबर साईकुमारचा लिहून घ्यायचे. साठी उलटल्यावर अक्कांना एकदाचा राग आला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मांडव साईकुमारचाच असला, तरी ताटांचं काम त्यांनी परस्पर घेतलं आणि शरण्याला बोलावून सांगितलं, "ह्या खेपेस माझे नाव लागायला पाहिजे. कसे, ते तू पाहा."

शरण्या त्यांच्याच गल्लीतल्या रविशंकररावांची मुलगी. दोन्ही घरं तंजावरी मराठी, त्यामुळे अक्कांनी तिला परकरात असल्यापासून पाहिलेलं. बंगळुरूच्या डिझाइन कंपनीत पाच वर्षं काढून ती गेल्या वर्षी घरी परतली होती आणि माडीवर बसून दुकानांची बोधचिन्हं, रंग, अक्षरं ठरवून द्यायची. तिकडे ती शिकली होती की चिन्ह काढण्याआधी मूडबोर्ड करायचा. जगभरची चित्रं जमवायची, एका पानावर नीट मांडायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, तुमचा धंदा असा दिसावा का? रेघ ओढायच्या आधीच मनं जुळली की पुढचं काम सोपं.

अक्कांचं मन काही जुळेना. पहिला बोर्ड शरण्याने त्यांच्या घरी बसून लॅपटॉपवर दाखवला. "चांगले आहे," अक्का म्हणाल्या. दुसरा दाखवला. "हेही चांगले आहे." नाही म्हणणारं गिऱ्हाईक परवडलं, निदान कारण तरी सांगतं. सगळंच चांगलं म्हणणाऱ्यापुढे डिझायनरने करावं तरी काय? अक्का आपल्याला दुखवायचं नाही म्हणून बोलत नाहीत, हे शरण्याला कळत होतं आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. सोमवारी छापखान्यात चिठ्ठ्या द्यायच्या होत्या. नाही दिल्या, तर शुक्रवारची ताटं पुन्हा बिननावाचीच जाणार होती.

तिसरा बोर्ड तिने जीव ओतून केला. आठ चित्रं, चारच्या दोन ओळी. राखाडी भिंत, फुलदाणीतलं वाळकं गवत, पांढरी मेणबत्ती, सुती कापडाची घडी, कापलेलं अंजीर, असंच सगळं सौम्य, महागड्या हॉटेलात शोभणारं. बुधवारी तिने तो अक्कांच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "अक्का, मला हे फार आवडलंय. असं करू या?"

पाच मिनिटांत उत्तर आलं. "होऊन जाईल. रविवारी सकाळी ये."

शरण्या हरखली. होऊन जाईल! 'चांगले आहे'च्या पुढे गाडी पहिल्यांदाच सरकली होती. वडिलांनी विचारलं तर म्हणाली, "बोर्ड पास झाला." तीन दिवस तिने त्याच राखाडी रंगात अक्षरं काढून पाहिली आणि रविवारी वही बगलेत मारून अक्कांच्या दारात उभी राहिली.

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर तिचा मूडबोर्ड पसरलेला होता, पण ताटांमध्ये. राखाडी भिंतीच्या जागी दारासुरमच्या राखाडी रेशमाच्या बारीक चुण्या घातलेलं ताट. वाळक्या गवताऐवजी इन्नंबूरच्या शेतातल्या भाताच्या लोंब्या. मेणबत्तीच्या जागी नाचियारकोविलची वीतभर समई. अंजीर बाजारात मिळालं नसावं, म्हणून सुकी अंजिरं माळेतून सोडवून विड्याच्या पानांवर मांडलेली. चारच्या दोन ओळी, अगदी तिने आखल्या तशा.

"ये गे," अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "अम्मा कोठे आहे? तिला आणली नाहीस? मुलगा कोठला, ते तरी आता सांग."

"कुठला मुलगा?"

"कोठला म्हणजे? निश्चितार्थ कोणाचा?"

आता शरण्याच्या डोक्यात उजेड पडला. अक्कांची सगळी गिऱ्हाइकं असंच करतात. फोनवर चित्रांचं पान येतं, खाली 'असं हवं' म्हणून लिहिलेलं असतं, अक्का 'होऊन जाईल' म्हणतात आणि ताटं करतात. शरण्याच्या बोर्डालाही त्यांनी त्याच रांगेत बसवलं होतं. पोरीचं लग्न ठरलंय, लाजून तोंडाने सांगत नाही, ठरल्याठरल्या विचारलं तर दृष्ट लागायची, म्हणून अक्काही गप्प राहिल्या होत्या आणि तीन दिवस खपल्या होत्या.

"अक्का, माझं लग्नबिग्न काही नाही. ती चित्रं तुमच्या नावासाठी होती. चिठ्ठीसाठी!"

 अक्का अशा हसल्या की खाली बसल्या. "तरीच! मी म्हटले, शुभकार्यात राखेचा रंग का गे मागते ही? बंगळुरूस राहून असे झाले असेल. कस्टमरला विचारायचे नाही, करायचे."

शरण्याही हसली, पण आतून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या बाईने आपल्या अडाणी बोर्डावर तीन दिवस घालवले, आणि चिठ्ठी अजून कोरीच. माफी मागावी म्हणून ती वळली, तेव्हा ओळी सोडून, देवघराच्या उंबऱ्याशी ठेवलेलं एक ताट तिला दिसलं.

"हे कुठलं? मी तर आठच चित्रं पाठवली होती."

"आठ ताटे कोणी नेतात काय? सम आकडा! तुजला ठाऊक नसेल, पण माझ्या घरातून सम ताटे बाहेर गेली नाहीत." अक्कांचा आवाज जरा खाली आला. "ते नववे माझ्याकडून. तुझ्यासाठी."

शरण्या त्या ताटापाशी जाऊन बसली. काठाने विड्याची पानं, देठ आत, टोकं बाहेर, एकावर एक चढत गोल फिरत गेलेली. त्यांच्या आत घट्ट गुंफलेल्या मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची, एक रेघ. एका बाजूला ओल्या हळदीचं पानासकट रोप. आणि मधोमध काहीच नाही. पितळ तेवढं घासून लखलखीत केलेलं.

"मध्ये रिकामं का?"

"तिथे तुझी अम्मा ठेवणार की. अंगठी, नाही तर आपल्या आईचे काहीतरी. मी नेहमी मधले सोडते. सगळे मीच भरले तर त्यांच्या घरचे काय राहिले?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा शरण्याने तीन बोर्डभर घेतला होता. अर्ध्या जगाची चित्रं धुंडाळली आणि दोन दारं पलीकडे अक्का कशा मांडतात, ते एकदाही बसून पाहिलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. तिने वही उघडली, पानांचं ते वर्तुळ रेखाटलं, चिठोऱ्यावर 'गोदा' लिहिलं आणि चिठोरा ताटाच्या मधोमध ठेवला.

"हे बघा अक्का. हेच तुमचं चिन्ह."

अक्कांनी वाकून बराच वेळ पाहिलं. ह्या खेपेस त्या 'चांगले आहे' म्हणाल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या. "ते माझे स्थान नव्हे."

ते 'नाही' ऐकून शरण्याला हायसं वाटलं. "मग नाव कुठे घालू?"

अक्कांनी ताट दोन्ही हातांनी उचललं, कुणाला तरी द्यायला धरतात तसं, आणि हनुवटीने उजव्या अंगठ्याकडे खूण केली. "इथे. काठावर."

"अहो, पण नेणाऱ्याच्या अंगठ्याखाली झाकलं जाईल."

"जाऊ दे. वाटेत कोणास वाचायचे आहे? मुलीच्या घरी ताट खाली ठेवतील, हात काढतील, तेव्हा दिसेल."

शरण्याने वर्तुळाच्या काठाशी, पानांच्या टोकांना लागून नाव काढलं. मधली जागा कोरी ठेवली. वही तिने अक्कांपुढे धरली. अक्कांनी चष्मा लावला, आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"होऊन जाईल," त्या म्हणाल्या. मग वही परत देता देता थांबल्या. "थोडे मोठे काढ गे. साईकुमारास लांबचे दिसत नाही."