गावची शुद्ध हवा आणि डॉक्टरांची नळी

मी डॉक्टरांच्या गळ्यातली नळी बोलतेय. माझं विलायती नाव स्टेथोस्कोप. पण चिंचपोकळीच्या चाळींतून मला सगळे नळीच म्हणत, आणि मलाही तेच आवडू लागलं.

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी तीन महिने काचेच्या कपाटात पडून होते. डॉक्टर कमलाकांत परीक्षा पास झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला घेतलं. त्यांचं बिऱ्हाड ठाकूरद्वारच्या वाडीत, दवाखाना चिंचपोकळी स्टेशनजवळ. रोज सकाळी आमची जोडी निघे.

माणसांची एक गंमत मी पहिल्याच वर्षी पाहिली. 'श्वास घ्या' म्हटलं की ती श्वास रोखून धरतात. आणि डॉक्टरांचीही एक गंमत होती. मी कानांत असले की त्यांना छाती ऐकू येई, छातीचा मालक ऐकू येत नसे.

दवाखान्याच्या खिडकीतून गिरण्यांच्या चिमण्या दिसत. त्यामुळे खोकल्याचं कारण शोधायला डॉक्टरांना लांब जावं लागत नसे. खोकणारा आला की खिडकीकडे बोट, आणि मग ठरलेलं वाक्य : "गावी जा. दोन महिने शुद्ध हवा खा." स्वतः डॉक्टरांना गाव म्हणजे माथेरान ठाऊक. तेही मे महिन्यात, आणि घोड्यावर बसून.

पंचावन्न सालच्या फाल्गुनात शेवंती आली. तिचा नवरा दौलत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्यांचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. तिला साधा खोकला होता. मी ऐकला, म्हणून सांगते. डॉक्टरांनी तिला बोटीनं गावी धाडलं.

पावसाच्या तोंडावर ती परत आली तेव्हा दोन वाक्यांमध्ये तिला भिंत धरावी लागत होती. छातीत मांजराची चार पिल्लं ओरडावीत तसा आवाज. ती म्हणाली, "डॉक्टर, तिकडं भाजावळ होती वो. पंधरा दिस सगळ्या गावात धूर..."

मी कानांत होते. डॉक्टर म्हणाले, "हं. दोन महिने पुरले नाहीत तुम्हाला. पुढल्या वर्षी चार महिने राहा."

त्यानंतरच्या जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर आली होती. त्या दिवशी दवाखाना लवकर बंद करून डॉक्टर घरी चालले होते. ठाकूरद्वारच्या नाक्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि पांढऱ्या लोटात ते सापडले. कुणीतरी त्यांना ओढत वाडीत नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं. डोळे दोन दिवसांत निवले. छाती निवेना.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी मला स्वतःच्या कानांत घातलं आणि नवऱ्याच्या पाठीवर टेकवलं.

"अगंबाई! आत कुणी पिपाणी वाजवतंय."

"थोडासा धूर गेलाय इतकंच," डॉक्टर खोकत म्हणाले.

"मग जा की गावी. शुद्ध हवा खा!"

तीन आठवडे ते उशीला टेकून बसल्या बसल्या झोपले. थोड्याशा धुरानं काय होतं, हे कुठल्याच पुस्तकानं त्यांना इतकं सविस्तर शिकवलं नव्हतं.

फाल्गुन लागला. शेवंती दौलतला घेऊन चार महिन्यांचं औषध न्यायला आली. डॉक्टरांनी मला लावलं, ऐकलं, आणि मग एक कधी न केलेली गोष्ट केली. मला कानांतून काढून टेबलावर ठेवलं.

"गेल्या वर्षी तुम्ही धुराचं काहीतरी सांगत होतात, बाई."

शेवंतीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग सांगितलं. भाताची रोपं काढायची ती जमीन पावसाआधी भाजावी लागते. शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवायचं. ज्वाळा येऊ द्यायची नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. प्रत्येक घराची भाजावळ, तीही घराच्या उशाशी. आणि काम बायकांचं. "गावाला सगळेच खोकतात, डॉक्टर. चैत्रात पोरंबी खोकतात. आमाला वाटलं, मुंबईची घाण भाईर पडतेय."

"तुम्ही यंदा जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मी जातो."

असे आम्ही दौलतबरोबर बोटीनं दाभोळला उतरलो आणि होडीनं खाडीतून गावाकडे निघालो. होडीतून उतरायच्या आधीच गाव दिसायला हवं होतं. दिसला तो टेकडीच्या कमरेला बांधलेला धुराचा पट्टा. काठावर गावकीचे म्हातारे धोंडू आमच्या स्वागताला उभे होते. डोळे पुसत त्यांनी सगळ्यांना बजावलं, "मुंबयचे डॉक्टर हवा खायला आलेत. बगा, आपल्या हवेची कीर्ती!"

चार दिवसांत मी साठ-सत्तर छात्या ऐकल्या. गिरणगावातल्या एका वर्षात ऐकल्या नव्हत्या अशा. सगळ्यात वाईट होती दौलतच्या आईची, रखमाबाईची. माझा थंड स्पर्श झाला तशी ती पोरीसारखी खिदळली, आणि ते हसू खोकल्यात बुडालं.

"आजी, धुरात उभं राहायचं नाही यापुढं," डॉक्टर म्हणाले.

"बरं. मग भाजावळ कोण लावंल? तुमी?"

भाजलेल्या जमिनीत तण येत नाही, रोप जोमानं वाढतं. त्या रोपावर वर्षाचा भात. औषधाच्या बाटलीत मावेल असं यात काही नव्हतं.

मुंबईला येऊन त्यांनी सरकारी कचेरीला इंग्रजीत पाच पानी पत्र लिहिलं. पोचसुद्धा आली नाही.

शेवंती त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही चैत्रात चिंचपोकळीलाच राहिली. चिमण्यांच्या सावलीत ती सुधारली. छातीतली मांजरं एकेक करून गेली. डॉक्टर खूश होते. मीही होते. तिचं काम गावी कुणावर पडलं असेल, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही.

सत्तावन्नच्या वैशाखात दौलत पोस्टकार्ड घेऊन आला. रखमाबाई गेली होती. सुनेचं आणि स्वतःचं काम एकटीनं करत होती. भाजावळीवर माती लोटता लोटता बसली, ती उठली नाही.

शेवंती दाराशी उभी होती. म्हणाली, "माझा धूर सासूनं खाल्ला."

त्या दिवसापासून 'गावी जा' काय आणि 'जाऊ नका' काय, कुठलंच वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं नाही.

साठ सालच्या फाल्गुनात शेवंतीच आली. "यंदा मी जातेय. धाकल्या जावेला सातवा लागलाय. तिला धुरात उभी करू?"

डॉक्टरांनी अडवलं नाही. दोघं डोकं लावून बसले. रोपांची जागाच बदलायची आणि थर घरापासून लांब, माळाच्या टोकाला रचायचे. वारा घराकडून बाहेर जातोय असं बघून पेटवायचे. पोरं आणि पोटुशी बाई धूर जाणार नाही अशा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तोंडाला ओला पदर.

यातली वाऱ्याची अक्कल शेवंतीची होती. डॉक्टरांनी फक्त पदर ओला केला.

ज्येष्ठात ती परतली. मी छातीवर टेकले. शिट्टी होती, पण बारीक. भिंत धरावी लागत नव्हती. जाऊ सुखरूप बाळंत झाली होती. माळापर्यंत टहाळे वाहणाऱ्या शेवंतीला धोंडू आठ दिवस हसले होते, आणि नवव्या दिवशी आपले टहाळे घेऊन तिच्या मागं माळावर गेले होते.

एव्हाना महाराष्ट्र झाला होता. आता आपलं सरकार आपली भाषा समजेल, म्हणून डॉक्टरांनी ते पाच पानी पत्र मराठीत लिहून पुन्हा धाडलं.

त्यानंतर दिवाळीला माझं रबर तडकलं. डॉक्टरांनी नवी नळी आणली आणि मला दवाखान्यात खिळ्याला लटकवलं. इथून छात्या ऐकू येत नाहीत, माणसं मात्र छान ऐकू येतात. निरोप घेण्याआधी इथून ऐकलेली एक गोष्ट तेवढी सांगते.

मार्गशीर्षात सरकारी उत्तर आलं. शेवंती समोरच बाकावर बसली होती. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं :

"आपले पत्र पावले. ग्रामीण भागातील हवा निसर्गतःच शुद्ध असल्यामुळे प्रस्तुत प्रश्न उद्भवत नाही."

"मराठी मात्र सुरेख आहे," डॉक्टर म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

शेवंतीनं कागद हातात घेतला, सही न्याहाळली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्या सायबाला पोरं हायत का वो? असतील तर चैत्रात धाडा समद्यांना आमच्या गावी," ती म्हणाली. "जेवायखायचं मी बघते. पन घरी जाताना त्यांच्या छातीला नळी लावून मंग हेच पत्र परत लिवायला सांगा."